जुन्या लेथला लागणारं सामान, त्याच लेथवर

माझ्या लेथच्या (धातूचा तुकडा फिरवत ठेवून तो टूलने कापायच्या मशीनच्या) बेडवर, म्हणजे खालच्या लांब पायावर, समोरून ‘बटाला’ एवढंच वाचता येतं. त्याच्या वरची अक्षरं रंगाच्या थरांखाली कधीच गेली. पंजाबातल्या बटाल्याहून अशा मशिनी देशभर गेल्या, आणि मराठवाड्यात तालुक्याच्या गावी जुनं वर्कशॉप असेल तर तिथे अशीच एखादी अजून चालताना दिसते. सहा फुटी बेड, तीन पायऱ्यांची कोन पुली, चपटा पट्टा, वेग कमी करणारा बॅकगिअर. पट्ट्याच्या तीन जागा थेट आणि त्याच तीन बॅकगिअरमधून, असे सगळे मिळून 6 वेग. गिअरबॉक्स नाही. आटे पाडायचे तर डावीकडचं झाकण उघडायचं, पाना घ्यायचा आणि चेंज गिअर बदलायचे. लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना टूल पुढे नेणारा लांब स्क्रू, इंची, एका इंचाला 4 आटे.

ही लेथ मामांची. लातूरच्या आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड केल्यावर मी वाळूजला सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) होतो. गावी परतलो तेव्हा मामांचे गुडघे गेले होते आणि मशीनवर पोतं पांघरलेलं होतं. पोत्याखाली लेथ होती, तीन जबड्यांचं चक (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून फिरवणारी पकड) होतं, चार जबड्यांचं होतं, एक डेड सेंटर (जॉबच्या टोकाला टेकू देणारा अणकुचीदार दांडा) होतं आणि गिअरचा डबा होता. स्टेडी, म्हणजे लांब शाफ्टला आधार देणारं कडं, कुणीतरी मागून नेलेली, ती परत आली नव्हती. चेजिंग डायल, सॅडल स्टॉप (सॅडल म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग), डाय होल्डर यातलं काहीच नव्हतं. मामांनी उभी हयात खडूच्या खुणांवर आणि हातांवर काढली. त्यांचा हात माझ्याकडे नाही, म्हणून मला सामान लागतं, आणि ते मी याच लेथवर बनवलं. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणतो आणि ते खूश होतात.

काय बनवायचं हे मी कॅटलॉग बघून ठरवलं नाही. कॅटलॉग बघितला की आधी बॉल टर्निंगची अटॅचमेंट करावीशी वाटते, कारण ती दिसायला सुंदर असते. आमच्याकडे कामं येतात ती बोअरच्या पाईपची, कडबा कुट्टीच्या शाफ्टची, डाळमिलच्या रोलची, मळणी यंत्राच्या पुलीची. बॉल कुणी मागत नाही. जे काम पुन्हापुन्हा अडवतं त्याचं सामान आधी, हा एकच क्रम मी धरला. पुढे लक्षात आलं की एक वस्तू झाली की तिच्यावर पुढची करता येते. क्रम आपोआप जुळत गेला.

सगळ्यात आधी मात्र टेस्ट बार. कारण टेलस्टॉक, म्हणजे चकच्या समोर जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग, सरळ नसेल तर त्या लेथवर केलेलं सगळं सामान वाकडंच होणार. जाड एमएसचा (साध्या मऊ पोलादाचा) फूटभर लांब बार घेतला, दोन्ही टोकांना सेंटर मारले, मधला भाग उतरवून दोन्ही टोकांना बोटभर रुंदीचे कॉलर ठेवले. दोन सेंटरांमध्ये धरून, क्रॉस स्लाईडला (टूल आतबाहेर नेणाऱ्या भागाला) हात न लावता, दोन्ही कॉलरवरून एकच बारीक कट काढायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. दोन मापांत जेवढा फरक, टेलस्टॉक त्याच्या निम्म्याने सरकलेला. टेलस्टॉकच्या बुडाशी दोन स्क्रू असतात, त्यांनी तो सरकवायचा आणि पुन्हा कट. हा बार आता खुंटीवर तेल लावून टांगलेला असतो. लांब शाफ्ट चढवण्याआधी तो उतरवायचा, हा नेम.

दुसरी वस्तू म्हणजे स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) भोकात मागच्या बाजूने बसणारा फुलणारा प्लग. हे काय विशेष, असं वाटेल, पण माझ्या पुढच्या निम्म्या वस्तू या प्लगच्या जिवावर झाल्या. स्पिंडलच्या भोकात सरकत जाईल एवढ्या मापाचा गोल दांडा, त्याच्या आतल्या टोकाला आतून निमुळतं बोअर, आणि त्या टोकाला एक्सा ब्लेडने (धातू कापायच्या करवतीच्या पात्याने) चार चिरा. त्यात निमुळता कोन बसतो. मधून एक लांब बोल्ट जातो. बाहेरून नट आवळला की कोन आत ओढला जातो, चिरलेलं टोक फुलतं आणि प्लग स्पिंडलला घट्ट धरतो. बाहेर राहिलेल्या टोकाला हँडल लावलं की झाला हाताचा क्रँक.

हाताने स्पिंडल कशाला फिरवायचा? एक कारण म्हणजे खांद्यापाशी, म्हणजे दांड्याची जाडी एकदम वाढते तिथे, येऊन थांबणारे आटे. मोटरवर ते पाडताना हाफ नट (सॅडलला लीडस्क्रूशी जोडणारा, उघडता-मिटता येणारा नट) अर्धा क्षण उशिरा उघडला की टूल खांद्यात घुसतं. क्रँकवर शेवटची दोन सुतं हाताने फिरवून नेमकं थांबता येतं. दुसरं कारण आमच्याकडचं, ते म्हणजे लाईट. भर दुपारी वीज गेली आणि दुकानात शेतकरी उभा असला की क्रँकवर टॅप मारून (भोकात आटे पाडून), छोटे आटे पाडून त्याला वाटेला लावता येतं. फक्त एक पथ्य आहे. क्रँक लावायच्या आधी पट्टा उतरवायचा, मेन स्विच पाडायचा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. अचानक लाईट आली आणि स्पिंडल फिरला तर ते हँडल हात मोडल्याशिवाय थांबत नाही.

आता चेजिंग डायल. यावर जरा लांबण लावणार आहे, कारण माझ्या धंद्याचा मोठा भाग यावर चालतो.

पाडव्यापासून मिरग लागेपर्यंत बोअरच्या पाईपांचा हंगाम. पाणी खाली गेलं की मोटर खाली सोडायची, म्हणजे पाईप वाढवायचे, म्हणजे नवे आटे, नवे सॉकेट. सकाळी सातला ट्रॅक्टर दारात येतो. “दादा, मोटर वर काढून ठेवलीय, भाड्याची चैन-कप्पी हाय, आटे आत्ताच पाहिजेत.” पाईपचे आटे बीएसपी, म्हणजे पाईपच्या ब्रिटिश मापाचे, 55 अंशांचे. अर्ध्या आणि पाऊण इंचाच्या पाईपला इंचाला 14, आणि एक इंचापासून पुढे इंचाला 11. हे 11 विषम आहे आणि खरी अडचण तिथेच.

लीडस्क्रूला इंचाला 4 आटे आहेत. पाडायच्या आट्यांची संख्या 4 ने भागली जात असेल तर हाफ नट कुठेही बंद करा, टूल जुन्या खाचेतच जातं. 11 ला तसं होत नाही. हाफ नट भलत्या जागी बसला तर टूल दोन आट्यांच्या मधल्या उंचवट्यावर चढतं आणि पाईप वाया. म्हणून मामा हाफ नट उघडतच नसत. प्रत्येक कटनंतर टूल मागे घ्यायचं, मोटर उलटी फिरवायची, सॅडल परत आणायचं. पट्टा जुना असेल तर दर वेळी उलटं फिरताना तो घसरतो. शिवाय आमच्या स्पिंडलला चक आट्यांवर बसतं. उलट्या दिशेला झटक्याने सुरू केलं तर चक सैल होण्याची धास्ती. दुसरी पद्धत खडूची: चकवर एक खूण, लीडस्क्रूवर एक, बेडवर सॅडलच्या मागे एक, तिन्ही जुळल्या की नट बंद. मामा ते बोलता बोलता करत. मला ते करताना घाम फुटायचा.

चेजिंग डायल म्हणजे लीडस्क्रूला टेकून फिरणारं छोटं दातचाक, आणि त्याच्या दांड्यावर वर एक चकती. हिशोब असा की 16 दात ठेवले तर इंचाला 4 आट्यांच्या स्क्रूवर सॅडल 4 इंच सरकलं की चकती एक फेरा मारते. चकतीवर 8 रेघा, एकाआड एक रेघेला 1 ते 4 आकडे. म्हणजे दोन शेजारच्या रेघांत अर्धा इंच, दोन आकड्यांत एक इंच. सम आटे, समजा 14, तर कोणत्याही रेघेवर नट बंद करा. विषम आटे, म्हणजे आपले 11, तर फक्त आकड्याच्या रेघेवर. एवढंच लक्षात ठेवायचं. नवीन पोरालाही पाच मिनिटांत समजतं.

दातचाक करायला माझ्याकडे मिलिंग मशीन नाही. दोन दातांमधलं अंतर स्क्रूच्या आट्याइतकं, म्हणजे 6.35 मिलिमीटर. 16 दातांचा घेर झाला 101.6 मिलिमीटर, म्हणून पिच व्यास 32.34. गनमेटलचा (कांस्याचा) तुकडा चकमध्ये धरून ब्लँक, म्हणजे दात नसलेला कोरा गोल, टर्न केला. 16 भाग पाडायला तोच प्लग कामाला आला: क्रँकचं हँडल काढून त्या जागी 80 दातांचा चेंज गिअर चढवला आणि गिअरच्या दातांत अडकेल अशी एक पट्टी बेडच्या पायाला बोल्टने बसवली. दर वेळी 5 दात पुढे. 80 भागिले 5, झाले 16.

दात कापायला टूल 29 अंशांच्या टोकाचं घासलं, कारण लीडस्क्रूचे आटे त्या कोनाचे असतात. हे टूल टूलपोस्टमध्ये (टूल आवळून धरणाऱ्या भागात) आडवं धरलं, नेमकं सेंटरच्या उंचीवर. स्पिंडल बंद, पट्टीने अडकवलेला. मग सॅडलचं चाक हाताने पुढेमागे करत, सुतार रंदा मारतो तसं, एकेक बारीक थर काढत गेलो. एक खाच खोल झाली की गिअर 5 दात फिरवायचा, पुढची खाच. कंटाळवाणं काम आहे, पण गनमेटल कापायला गोड आणि या चाकावर भार काहीच नाही, ते फक्त स्क्रूसोबत फिरतं. दात सरळच कापले. स्क्रूचे आटे तिरके असतात, म्हणून डायलची बॉडीच तेवढी तिरकी करून एप्रनला (सॅडलच्या समोरच्या भागाला) बसवली. रेघा त्याच गिअरवर 10-10 दात मोजून ओढल्या, आकडे नंबर पंचाने ठोकले. काम नसेल तेव्हा बॉडीचा एक स्क्रू ढिला करून चाक लीडस्क्रूपासून बाजूला घेता येतं. तसं ठेवलेलं बरं, फुकट झिजत नाही.

मामा पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांनी 11 आट्यांचा पाईप स्वतः लावला, डायलकडे ढुंकूनही न बघता खडूने पाडला आणि म्हणाले, “चांगलंय. पोरांसाठी चांगलंय.”

टूलपोस्ट ही पुढची डोकेदुखी. जुना टूलपोस्ट चार तोंडांचा, त्यात टूलची उंची जुळवायला खाली पॅकिंग लागायचं. पॅकिंग म्हणजे मोडलेल्या एक्सा ब्लेडचे तुकडे. कुठल्याही वर्कशॉपात टूलपोस्टखाली हेच सापडतील. टूल बदललं की तुकडे सांडतात, पुन्हा सेंटरला लावून बघा, एक वाढवा, एक काढा. विकतचे झटपट बदलायचे टूलपोस्ट मिळतात, पण डव्हटेलचे (तिरक्या खाचेत बसणारे) चांगले महाग, आणि स्वस्तातले माझ्या कंपाऊंडच्या (टूलपोस्टखालच्या छोट्या स्लाईडच्या) मापाला मोठे पडत होते. मी केला तो गोल खांबाचा. इंग्लंडच्या जुन्या ड्रमंड लेथवर ‘नॉर्मन पेटंट’ नावाने असा यायचा. कंपाऊंडवर 40 मिलिमीटरचा उभा खांब, त्यावर वरखाली सरकणारा ठोकळा, ठोकळ्यात टूल. प्रत्येक टूलला स्वतःचा ठोकळा. वरच्या स्क्रूने उंची एकदा लावली की ती त्या ठोकळ्याची कायमची.

ठोकळ्यांना ईएन-8 चा (मध्यम कार्बन पोलादाचा) चौकोनी बार जालन्याहून भंगाराच्या भावात आणला. खांबाचं भोक आणि खांब यांचा मेळ बसला नाही तर सगळा टूलपोस्ट डुलतो, म्हणून भोक ड्रिलवर सोडायचं नव्हतं. कंपाऊंड काढून ठेवला आणि ठोकळा आडवा करून क्रॉस स्लाईडवर आवळला, खाली पॅकिंग देऊन सेंटरच्या उंचीवर. दोन सेंटरांमध्ये बोअरिंग बार धरला, त्यात मधोमध टूलचा छोटा तुकडा. बार फिरतो, ठोकळा सॅडलच्या फीडवर त्याच्यावरून सरकतो. अशा भोकाला निमुळतेपणा येत नाही. टेलस्टॉक जरा सरकलेला असला तरी नाही, कारण टूल बारवर एकाच जागी आहे.

खांबावर ठोकळा आवळायचा कसा? सरळ मार्ग म्हणजे ठोकळ्याला चीर पाडून बोल्टने दाबायचं. मला ते आवडत नाही, चिरलेला ठोकळा जड कटला थरथरतो. मी कॉटर केले. मोठं भोक करण्याच्या आधी त्याच्या कडेला छेदून जाईल असं एक आडवं भोक पाडायचं, त्यात घट्ट बसणारा गोल दांडा घालायचा, आणि मग दांड्यासकट मोठं भोक बोअर करायचं. टूल दांड्याचाही घास घेतं, त्यामुळे दांड्यावर खांबाचीच गोलाई उतरते. मग दांडा बाहेर काढून मधून दोन तुकडे करायचे, एकाला आरपार भोक, दुसऱ्याला आटे. बोल्ट आवळला की दोन्ही तुकडे एकमेकांकडे येतात आणि खांबाला कवटाळतात. पाव फेऱ्यात ठोकळा सैल, पाव फेऱ्यात घट्ट. बोअर करताना दांडा हलू नये म्हणून त्याला तात्पुरता ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू) लावलेला बरा.

टूल बसायच्या खाचा मी केल्या नाहीत. मागच्या गल्लीत चाचांचा शेपर (टूल पुढेमागे करत सपाट कापणारं मशीन) आहे. ठोकळे बघून त्यांनी आधी कोपरे तपासले, मग मला स्टूल दाखवलं. “बैठ बेटा, घाई नक्को. पहिले एक साईड फेस करू, मग खाच.” शेपरवर खाच पाडायला वेळ लागतो, पण बुडाचा सपाटपणा बघण्यासारखा असतो. पैसे द्यायला लागलो तर म्हणाले, त्यांच्या शेपरच्या व्हाईसचा स्क्रू करून दे. इंचाला 4 चौकोनी आटे. आमचा हिशोब असाच चालतो.

आता रफिंगचं एक टूल, फिनिशिंगचं एक, आट्यांचं एक आणि पार्टिंगचं एक, असे ठोकळे भिंतीवर ओळीने टांगलेले असतात. ब्लेडचे तुकडे मी अजून फेकले नाहीत, पण त्यांचा डबा उघडल्याचं आठवत नाही.

सॅडल स्टॉपवर फार लिहीत नाही. बेडच्या उलट्या व्हीवर बसणारा बिडाचा (कास्ट आयर्नचा) ठोकळा, त्यातून एक बारीक आट्यांचा स्क्रू, सॅडल येऊन त्याला टेकतं. स्क्रू एम-10 (10 मिलिमीटरचा), पिच (दोन आट्यांतलं अंतर) 1 मिलिमीटर, डोक्यावरच्या कॉलरला 100 रेघा, म्हणजे एक रेघ 0.01 मिलिमीटर. रेघा 100 दातांच्या चेंज गिअरवरून, प्लगवर चढवून, वर सांगितलं तशाच. सांगण्यासारखं आहे ते बीड कुठून आणलं हे. मोंढ्यात आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले, आडत्यांकडची जुनी बिडाची वजनं भंगारात जातात. पाच-दहा किलोचं वजन म्हणजे आमच्यासाठी तयार कास्टिंग. माप जुळवण्यासाठी त्यात शिसं भरलेलं असतं, ते आधी काढायचं. वरची कातडी कडक असते; पहिला कट भीत भीत वरवर घेतला तर टूलची धार जाते. थेट कातडीच्या खाली उतरायचं, कार्बाईडचं के ग्रेडचं टूल, वेग कमी, आणि कोरडं. पाणी-तेल टाकलं की बिडाच्या भुकटीचा लगदा होतो आणि तो बेड घासून काढतो. बीड टर्न करताना बेडवर फडकं अंथरायलाच हवं.

बेड पुसण्यावरून आठवलं. सॅडलच्या टोकांना वायपर नव्हते, बारीक भुकटी आत जात होती. विकतचं फेल्ट मिळालं नाही. धनगरी घोंगडीचा तुकडा दुहेरी करून, वर पत्र्याची पट्टी लावून स्क्रूने बसवला आणि तेलात भिजवला. घोंगडीची लोकर भुकटी धरून ठेवते आणि तेल सोडत राहते. दुकानातलं सगळ्यात स्वस्त सामान हेच. दर दोनेक महिन्यांनी घासलेटात धुवायचं.

डाय (दांड्यावर आटे पाडणारं गोल हत्यार) धरायच्या होल्डरला मोर्स टेपर, म्हणजे टेलस्टॉकमध्ये बसणारा निमुळता दांडा, लागतो, आणि टेपर टर्न करत बसण्यापेक्षा मोडलेलं टेपर शँकचं ड्रिल शोधावं. मोठ्या ड्रिलांचा कापणारा भाग एचएसएसचा (कडक हत्यारी पोलादाचा) असला तरी शँक बहुधा मऊ पोलादाचा जोडलेला असतो, तो टर्न होतो. शँक कापून घेतला, पुढे सरळ दांडा केला, त्यावर सरकणारा बुश आणि बुशच्या तोंडाशी डायचं घर. एम-10 ची माझी डाय 30 मिलिमीटर व्यासाची आणि 11 जाडीची आहे, त्या मापाचं घर. बुश दांड्यावर मोकळा सरकतो म्हणून डाय स्वतःच्या आट्यांनी पुढे ओढली जाते आणि आटे सरळ येतात. हाताने डाय धरून पाडलेले आटे किती वाकडे असतात हे नट फिरवल्यावर कळतं. क्रँकसोबत ही जोडी छान जमते.

आता स्टेडी. डाळमिलचा किंवा कडबा कुट्टीचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजतो. 208 नंबरचं बेअरिंग असेल तर आतलं माप 40 मिलिमीटर; शाफ्ट तिथे दीड-दोन मिलिमीटर खाल्लेला येतो. वेल्डिंगने भरायचं आणि पुन्हा 40 ला आणायचं. लांब शाफ्ट चकमध्ये धरून टोकाला सेंटर दिलं तरी मधे तो टूलपासून पळतो. आणि ज्याच्या टोकाला फेसिंग किंवा बोअरिंग करायचंय त्याला सेंटर देताच येत नाही. तिथे स्टेडीच हवी.

माझी स्टेडी 20 मिलिमीटरच्या प्लेटमधून गॅसने कापलेल्या कड्याची आहे, वरचा तुकडा बिजागरीवर उघडणारा. खाली बुड म्हणून पुन्हा मोंढ्यातलं एक वजन. बुडाला व्ही पाडायचं काम किचकट. चाचांनी शेपरवर ढोबळ पाडून दिलं, बाकी मी बेडला प्रशियन ब्ल्यू लावून, ठोकळा घासून, जिथे निळं लागेल तिथे कानस आणि स्क्रेपर चालवत केलं. निळे ठिपके दोन्ही बाजूंना सारखे पसरेपर्यंत. इथे घाई केली तर स्टेडी दर वेळी वेगळ्याच जागी बसते.

तीन बोटं 120 अंशांवर, पैकी दोन खाली आणि एक वर. तिन्ही बोटं नेमक्या सेंटरकडे बघायला हवीत. ते मोजून करण्यापेक्षा सोपा उपाय केला. चकमध्ये एक जाड बार जागेवरच टर्न केला, स्टेडी त्याच्यावर आणली, बोटं आपापल्या बुशसकट त्या बारला टेकवून धरली आणि कड्यावर खुणा केल्या. मग सगळं खाली उतरवून वेल्डिंग केलं. लेथवर असताना वेल्डिंग करायचं नाही. अर्थ कुठे लावला यावर करंट स्पिंडलच्या बेअरिंगमधून जाऊ शकतो, आणि उडालेला रस बेडवर चिकटला तर तो काढताना बेड जातो.

बोटांच्या टोकांना काय लावावं यावर मामांचं आणि माझं पटत नाही. ते म्हणतात गनमेटल. मी 6200 नंबरची बेअरिंग लावली, 10 चं भोक, बाहेरून 30. वेगाने फिरणाऱ्या शाफ्टला बेअरिंग बरी, तापत नाही, तेल घालत उभं राहावं लागत नाही. पण भुकटी किंवा चिपचा तुकडा बेअरिंग आणि शाफ्टच्या मधे आला की तो शाफ्टमध्ये दाबला जातो आणि छाप उठते. गनमेटल तो तुकडा स्वतःमध्ये घेतं. म्हणून बेअरिंगच्या पुढे पुठ्ठ्याची चकती शाफ्टवर चढवून ठेवतो, ती चिप अडवते. मामांसाठी गनमेटलची टोकंही करून ठेवली आहेत. खरं सांगायचं तर फिनिशिंगला मीच ती लावतो.

जुना शाफ्ट गंजलेला, वेल्डिंगचे फुगे असलेला असतो. स्टेडीची बोटं टेकवायला त्यावर गोल जागाच नसते. तेव्हा कॅट हेड. जाड पाईपचा वितीएवढा तुकडा, बाहेरून टर्न केलेला, दोन्ही टोकांना चार-चार बोल्ट आत येणारे. तो शाफ्टवर चढवायचा, डायल गेज लावून बोल्ट आवळत-सैल करत सेंटरला आणायचा आणि स्टेडी त्या पाईपवर चालवायची. चौकोनी शाफ्टलाही हा चालतो. बनवायला अर्धा दिवस पुरतो. माझ्या मते स्टेडीपेक्षा याचा उपयोग जास्त, पण कुणी सहसा करत नाही, का ते कळत नाही.

उभ्या स्लाईडवर जॉब बांधून चकमध्ये कटर धरायचा आणि चावीची खाच पाडायची, ही अटॅचमेंट मी करणार नाही. चाचांचा शेपर दोन मिनिटांवर असताना लेथच्या क्रॉस स्लाईडला तो ताण कशाला?

सध्या अडलंय ते मेट्रिक आट्यांवर. ट्रॅक्टरचे, नव्या मशिनरीचे बोल्ट मिलिमीटरच्या पिचचे, आणि लीडस्क्रू इंची. नेमका उपाय म्हणजे 127 दातांचा गिअर, कारण 127 भागिले 5 म्हणजे 25.4, एका इंचाचे मिलिमीटर. पण 2 मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप) धरला तरी 127 दातांचं चाक बाहेरून 258 मिलिमीटर भरतं, आणि ते माझ्या झाकणाखाली बसत नाही. त्याऐवजी 63 दातांचा गिअर चालतो. स्पिंडलकडून 63, त्याने चालवायचा 100, त्याच दांड्यावरचा दुसरा गिअर, आणि लीडस्क्रूवर 80. दुसरा 40 दातांचा लावला की पिच 2 मिलिमीटर, 30 लावला की 1.5, 20 लावला की 1. पिच नेमकी 2 येत नाही, 2.00025 येते, 100 मिलिमीटर लांबीला 0.0125 चा फरक. बोल्टला ते काहीच नाही. लांब लीडस्क्रू करायचा असता तर हे चाललं नसतं.

63 भाग पाडायला माझ्याकडे गिअर नाही, म्हणून हा एक बाहेर हॉबिंगला (मशीनवर दात कापायला) दिलाय, छत्रपती संभाजीनगरला. दात जुन्या गिअरशी जुळायला हवेत म्हणून डब्यातला 60 चा नमुना सोबत पाठवला. ब्लँक मात्र मीच टर्न करून दिला, बोअर आणि चावीच्या खाचेसकट. आल्यावर पहिला जॉब ठरलेला आहे: चाचांच्या मोपेडच्या स्टँडचा बोल्ट, एम-12, पिच 1.75. त्याला दुसरा गिअर 35 चा लागेल. तो डब्यात आहे. मेट्रिकला हाफ नट मात्र उघडायचा नाही, तिथे चेजिंग डायलचा उपयोग नाही. मोटर उलटी फिरवूनच सॅडल मागे आणायचं, मामा करत तसं. चक मात्र सुरू करायच्या आधी नीट आवळलेलं बघायचं.